जोत्यापासून पाच फूट

गवंड्याने लेकीच्या मोटारीचा जॅक पलंगाच्या चौथ्या पायाशी लावला, दांडा फिरवला आणि पाय उचलला गेल्याबरोबर खाली दोन विटा सरकवल्या. मग गुडघ्यावर हात टेकत, आपल्याच गुडघ्याला शिव्या घालत तो उठला आणि पलंगाच्या कडेवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. पलंगावर पडलेल्या त्याच्या बायकोने दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून ठेवली होती.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं. आता बघ बरं. काय दिसतंय?”

तिने मान ताणली. समोरच्या भिंतीत खिडकी होती, जमिनीपासून पाच फुटांवर.

“आभाळ.”

“आणि?”

“अजून थोडं आभाळ. अहो, मला पलंगावर झोपवलंय की गाडीच्या टपावर? कूस बदलली तर थेट खाली. उतरवा आधी.”

“अजून एकेक वीट लावली असती तर—”

“विटांचा वीट आलाय मला. उतरवा म्हणते ना!”

तो खाली वाकला. जॅक पुन्हा पहिल्या पायाशी घेऊन गेला. बायकोचं खुब्याचं हाड मोडलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि ते सांधलं खरं, पण तिला उभं करू शकेल असं सांधलं नव्हतं. हाड मोडेपर्यंत ती त्या खिडकीशी एक लाकडी स्टूल ठेवून त्यावर चढायची आणि अर्ध्या गल्लीशी गप्पा मारायची. आता पलंग आणि खुर्ची, खुर्ची आणि पलंग. मागे स्वयंपाकघर होतं, पण त्याच्या मागे हातभर अंतरावर पाण्याच्या टाकीची भिंत उभी होती, तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. आणि पुढे दाराबाहेर चार पायऱ्या. खुर्चीसकट तिला त्या चार पायऱ्या उतरवायच्या म्हणजे दोन धट्टीकट्टी माणसं हवीत आणि तिने ओठ चावून धरायला हवेत. महिन्यातून एकदा दवाखान्यासाठी हे व्हायचं. बाकीचे एकोणतीस दिवस ती भिंतीकडे बघत पडलेली असे.

तो दुसऱ्या पायापर्यंत पोहोचला तेवढ्यात लेक आली. लेक मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांना ब्रेक लावून तिची बोलण्याची रीतही तशीच झाली होती, तोडून आणि वेळेवर.

“माझा जॅक शोधत होते मी,” ती म्हणाली. “हे काय चाललंय?”

“तुझे बाबा मला स्वर्गात पोचवतायत,” आई म्हणाली. “हप्त्याहप्त्याने.”

लेक हसली नाही. तिच्या हातात एक जाड पाकीट होतं. तिने ते टेबलावर टाकलं, खुर्ची ओढून बसली आणि पाकिटाकडे बोट दाखवलं.

“नाकारलं.”

गवंड्याने चष्मा लावून पत्र वाचलं. गल्लीच्या टोकाची मोकळी जागा लेकीने मागच्या वर्षी घेतली होती आणि तिथे घर बांधायचा नकाशा नगर कार्यालयात दिला होता. साधं घर. जमीन रस्त्याला लागून, पायरी एकही नाही. पुढच्या खोलीत जमिनीपासून दीड फुटावर सुरू होणारी एक मोठी खिडकी, आणि त्या खिडकीशी पलंग ठेवायची जागा, नकाशात चौकोन काढून दाखवलेली. तो चौकोन आईसाठी होता. घर बांधायला आठ महिने लागतील असा हिशेब गवंड्याने स्वतः मांडला होता, आणि डॉक्टरांनी बायकोच्या तब्येतीबद्दल जे सांगितलं होतं ते ऐकून ते आठ महिने सातात कसे बसतील याचाही.

“सुसंगत नाही म्हणे,” लेक म्हणाली. “जुन्या वस्तीत नवं घर बांधायचं तर ते वस्तीच्या तोंडवळ्याला शोभलं पाहिजे. पुस्तक काढलंय त्यांनी निकषांचं. समोरच्या खिडकीची खालची कड रस्त्यापासून सात फुटांच्या खाली नको. आमच्या घराला जोतं नाही, म्हणजे आत जमिनीपासूनही सात फूट! आईला काय शिडीवर झोपवू?”

“दुसरीकडून उजेड घेता येईल का—”

“कुठून घेऊ? एका बाजूला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला गोदाम, मागे ती टाकी. बाबा, तुम्हीच तर जागा बघितलीत.”

“मग इथलीच खिडकी खाली घेऊ. मी घेतो. चार दिवसांचं काम आहे.”

“जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीला हातही लावायचा नाही. पान सहा.” तिने पाकिटातलं पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. “आणि पान अकरावर तुम्ही आहात.”

बायकोने पलंगावरून मान वळवली.

“ह्यांचं नाव आलंय पुस्तकात? वाच ना.”

“नाव नाहीये. ‘मूळ गवंडी’ असं आहे.” लेकीने वाकून वाचलं. “‘जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर घरात पडू नये आणि उजेड मात्र वरून यावा, म्हणून आम्ही या गल्लीतल्या खिडक्या मुद्दाम उंच घेतल्या.’ त्याखाली लिहिलंय की हेच या गल्लीचं सगळ्यात महत्त्वाचं वैशिष्ट्य असून ते नव्या प्रत्येक घराने पाळलं पाहिजे.”

“बघ,” बायको म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “मी सगळ्यांना हेच सांगत आले. लोकांना वाटतं, गवंडी म्हणजे विटेवर वीट. विचार करून ठेवलीये ती खिडकी.”

“आई, त्या विचारापायीच तुला आभाळाखेरीज काही दिसत नाहीये.”

“ते माझं नशीब. खिडकीचा काय दोष?”

गवंड्याने पुस्तक मिटलं. उरलेले दोन पाय उतरवायचे राहिले होते, तो पुन्हा खाली बसला आणि जॅकचा दांडा फिरवू लागला.

खरी गोष्ट अशी होती की त्या खिडकीत विचार नावाला नव्हता.

एकेचाळीस वर्षांपूर्वी तो तेहतीस वर्षांचा होता आणि पहिल्यांदाच एका अख्ख्या कामाचा मुख्य गवंडी झाला होता. चौदा घरं, सात इकडे, सात तिकडे. नकाशावर खिडकीच्या खालच्या कडेपाशी लिहिलं होतं, पाच फूट. नकाशा काढणाऱ्याने सगळी मापं रस्त्यापासून धरली होती. घराची जमीन रस्त्यापासून दोन फूट वर, तेवढं जोतं, म्हणजे खिडकी आत उभ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर येणार, कुठल्याही शहाण्या घरात येते तशी. पण त्याने आयुष्यभर मापं जोत्यापासून धरली होती. त्याच्या बापानेही तशीच धरली होती. त्याने जोत्यापासून पाच फूट मोजले आणि दोरी बांधली.

शंका आली नाही असं नाही. खिडकीची वरची कड दाराच्याही वर गेली तेव्हा आली. पण नवीन मुकादमी, हाताखाली बावीस माणसं, त्यातली निम्मी त्याच्यापेक्षा वयाने मोठी. नकाशा घेऊन विचारायला जायचं म्हणजे याला नकाशा कळत नाही हे आपल्या तोंडाने सांगायचं. त्याने विचारलं नाही. सोळाव्या दिवशी कंत्राटदार आला तेव्हा सहा घरांच्या भिंती वर गेल्या होत्या. कंत्राटदार बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने गवंड्याला बाजूला घेतलं.

“एक चुकलं तर चूक,” तो म्हणाला. “चौदा चुकली तर पद्धत. उरलेली आठही अशीच घ्या. आणि कुणी विचारलं तर नजरेचं काहीतरी सांगा, लोकांना पटतं.”

लोकांना पटलं. चौदाव्या घरात तो स्वतःच बायकोला घेऊन राहायला आला. पहिली काही वर्षं तो गल्लीतून मान खाली घालून चालायचा. मग एकदा तिसऱ्या घरातला पोस्टमन त्याच्याकडे आला, म्हणाला, खिडकी दोन फूट खाली घेऊन द्या, बसल्या बसल्या जीव गुदमरतो. तेव्हा गवंड्याने त्याला तासभर समजावलं. भिंत कमजोर होईल. धूळ येईल. ये-जा करणाऱ्यांच्या नजरा. पोस्टमन ऐकून परत गेला, आणि पुढे तोच इतरांना समजावू लागला. एक खिडकी खाली आली असती तर बाकीच्या तेरा का वर आहेत, असं कुणीतरी विचारलं असतं ना! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. हळूहळू ते नजरेचं कारण इतक्या तोंडांतून फिरून आलं की त्याचं त्यालाही ते खरं वाटू लागलं.

मग गेल्या वर्षी नगर कार्यालयातली वहीवाली आली. तरुण मुलगी, नम्र, हातात निळी वही. जुन्या वस्त्यांचं वैशिष्ट्य नोंदवतोय म्हणाली. तीन दुपारी ती त्याच्यासमोर बसली, काका हे कसं केलंत, काका ते कसं केलंत. त्याच्या उभ्या जन्मात त्याचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. बायको पलंगावरून कौतुकाने बघत होती. तो जे इतकी वर्षं बोलत आला होता तेच बोलला, फक्त जरा सजवून.

आणि आता ते पान अकरावर छापून आलं होतं.

अपिलाची सुनावणी दहा दिवसांनी होती. त्या दहा दिवसांत गवंड्याला जेवण गेलं नाही. सांगावं तर चौदा घरांसमोर, बायकोसमोर, लेकीसमोर उघडं पडायचं. न सांगावं तर पलंगावरचा तो जीव आभाळाचा एक तुकडा बघत संपायचा, आणि ते आपल्या हातून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकदा त्याने बायकोला सांगायला तोंड उघडलंही, पण ती तिचं करायला येणाऱ्या मदतनीस बाईला तेच सांगत होती, “पुस्तकात आलंय ह्यांचं,” आणि मदतनीस बाई कौतुकाने भिंतीकडे बघत होती. त्याने तोंड मिटलं.

सुनावणीच्या सकाळी त्याने दाढी केली.

“तुम्ही कशाला येताय?” लेक म्हणाली. “तिथे दोन-दोन तास बसवतात.”

“बसेन.”

नगर कार्यालयाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिच्या खिडक्या गुडघ्यापासून वर होत्या. बसल्या बसल्या खालचा सगळा रस्ता दिसत होता. एक माणूस सायकलवर काच घेऊन चालला होता. गवंडी त्याच्याकडे तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

समितीत पाचजण होते. मधे पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष, बाजूला वहीवाली, समोर पुस्तकांची चळत. लेकीने उभं राहून मुद्दे मांडले. आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला बाहेरचं दिसायला हवं. एका खिडकीने गल्ली बुडत नाही.

मग गल्लीतर्फे समोरच्या घरातल्या शिक्षिका उठल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्या अजून वर्गासमोर असल्यासारख्या बोलायच्या.

“तुझ्या आईबद्दल आम्हाला काय कमी वाटतं का गं?” त्या लेकीला म्हणाल्या. “पण आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी खिडक्यांबद्दल विचारतो. गल्लीचा आब आहे तो. आज तू खाली घेतलीस, उद्या दुसरा घेईल. आणि हा आब तुझ्याच वडिलांनी दिलेला आहे, हे तरी विसरू नकोस.”

सगळ्यांच्या माना गवंड्याकडे वळल्या. शिक्षिकाबाई त्याच्याकडे बघून आदराने हसल्या.

गवंडी उठला. उठताना त्याने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

“साहेब, त्या खिडक्या चुकल्यात.”

“म्हणजे?” अध्यक्ष म्हणाले.

“म्हणजे चुकल्यात. माझ्याकडून. नकाशात पाच फूट रस्त्यापासून होते, मी जोत्यापासून धरले. दोन फूट वर गेल्या. सहा घरं झाल्यावर कळलं, मग कंत्राटदार म्हणाला, सगळी तशीच करा. त्यात नजरबिजर काही नव्हतं. ते नंतर जुळवलं.”

लेक त्याच्याकडे टक लावून बघत होती. वहीवालीने पुस्तक उघडलं, पान काढलं, आणि शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं,

“काका, पान अकरावरचे शब्द तुमचेच आहेत ना?”

“माझेच.”

“मी तीन दुपारी तुमच्याकडे बसले. तीनही दिवस तुम्ही हेच सांगितलंत.”

“हो.”

“मग तेव्हा खोटं सांगितलंत की आत्ता सांगताय?”

“तेव्हा.”

कुणीतरी हसलं. वाईट हसू नव्हतं ते, उलट मायेचंच होतं.

“तो नकाशा आहे तुमच्याकडे?” अध्यक्षांनी विचारलं.

“कंत्राटदाराकडे होता. तो वारला. कागदपत्रं मुलांनी टाकून दिली.”

“इंजिनियर?”

“ते त्याच्या आधी गेले.”

“हाताखालचं कुणी? एखादा कारागीर?”

“एक आहे. त्याला आता स्वतःचा मुलगा ओळखू येत नाही.”

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काका, असं बघा. चूक असती तर एकेचाळीस वर्षांत चौदा घरांपैकी एकाने तरी खिडकी खाली घेतली असती. निकष तर आत्ता आले. आधी कुणी कुणाचा हात धरला होता?”

मी धरला होता, असं गवंड्याला म्हणायचं होतं. पोस्टमनला मी तासभर समजावलं होतं. पण पोस्टमनही आता नव्हता, आणि चूक शाबीत करायलाही पुरावा लागतो हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

“विटेची शपथ घेतो,” तो म्हणाला. “माझ्या हाताची शपथ घेतो.”

“तुमचे हात कसे आहेत ते सगळ्या गल्लीला माहीत आहे,” अध्यक्ष म्हणाले. ते जागेवरून उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मलाही दोन मुली आहेत, काका. मीही हेच केलं असतं.”

शिक्षिकाबाईंनी पदराने डोळे टिपले.

निकाल तिथेच सांगितला गेला. खिडकी हवी तेवढी रुंद करा, उंची मात्र तीच. मूळ गवंड्यांचं निवेदन भावनेपोटी केलेलं असल्याने नोंदीत घेतलेलं नाही, म्हणजे पुढे त्यांना कसला त्रास नको. आणि अध्यक्षांनी जाता जाता आणखी एक सांगितलं. पुढच्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी एक दगडी पाटी लावायची ठरली आहे. तीवर मूळ गवंडी म्हणून त्याचं नाव असेल. पडदा त्यानेच बाजूला करायचा.

“माझं नाव नको,” गवंडी म्हणाला.

“हाच तो मोठेपणा,” अध्यक्ष वहीवालीला म्हणाले.

परत येताना लेक सरळ समोर बघत मोटार चालवत होती. तिच्या शिकवणीच्या मोटारीत डाव्या सीटशीही एक ब्रेक होता, शिकवणाऱ्याच्या पायाशी. गवंडी तिथे बसला होता आणि पाय आखडून घेत होता.

“बाबा,” शेवटी ती म्हणाली, “एवढं करायला नको होतं तुम्ही.”

“काय?”

“लोकांसमोर स्वतःला कमी करून घ्यायला. मला माहितीये कशासाठी केलंत ते. पण तुम्हाला तसं उभं बघून मलाच कसंतरी झालं.”

“अगं, खरं आहे ते.”

“असू दे आता.”

“असू दे काय? खरं आहे. मापच चुकलं माझं.”

“तुमचं?” ती हसली, पण डोळे भरले होते. “दोन सुतांचा फरक पडला म्हणून तुम्ही आमच्या न्हाणीची भिंत दोनदा पाडायला लावलीत. तुमचं माप दोन फुटांनी चुकेल? चौदा वेळा?”

गवंड्याने ब्रेक दाबला. मोटार गचका खाऊन भर रस्त्यात थांबली, मागच्याने भोंगा वाजवला.

“म्हणूनच पाडायला लावली,” तो म्हणाला. “त्यानंतर आयुष्यात एक सूत हलू दिलं नाही, ते त्याच्यामुळेच.”

लेकीने त्याच्याकडे बघितलं. क्षणभर त्याला वाटलं, पोचलं. मग तिने हात लांब करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आजाऱ्याच्या ठेवतात तसा.

“पाय काढा, बाबा. लोक थांबलेत. मी घराचं दुसरं काहीतरी बघते, तुम्ही नका आता जिवाला लावून घेऊ.”

त्याने पाय काढला.

तिने त्याला पायऱ्यांशी सोडलं आणि ती शिकवणीला निघून गेली. मदतनीस बाई जेवण देऊन गेली होती. बायको उशीला टेकून, खिडकीकडे तोंड करून पडली होती. त्याच्या पावलांवरूनच तिला कळलं असावं, तिने काय झालं म्हणून विचारलं नाही.

“नाही म्हणाले?”

“नाही म्हणाले.”

“जाऊ दे. मी काही तक्रार करत नाही.”

“तूच कर तक्रार,” तो म्हणाला. तो बसला नव्हता. वहाणाही तशाच पायात होत्या. “तुलाच करायला हवी. ती खिडकी चुकलीये. माझ्याकडून. मी मुद्दाम नाही घेतली वर. मला नकाशा नीट वाचता आला नाही आणि विचारायची लाज वाटली, एवढंच आहे ते. चौदाही घरं. नजर पडू नये वगैरे सगळं नंतरचं आहे.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. त्याने नजर खाली घेतली नाही, जेवढं जमलं तेवढं.

“पहिल्या घरापासून?” तिने विचारलं.

“पहिल्या घरापासून.”

“आपण राहायला आलो तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मला स्टूल करून दिलंत तेव्हा?”

“तेव्हाही.”

तिचा हात चादरीवरून पुढेमागे फिरत होता. खालून कुणीतरी चालत गेलं, बोलत, कुणी ते कळलं नाही, आवाज खिडकीखालून येऊन खिडकीखालून गेला.

“एकेचाळीस वर्षं,” ती म्हणाली. “बाया तोंडावर म्हणायच्या मला, तुमच्या घरात विहिरीत बसल्यासारखं वाटतं. मी भांडले त्यांच्याशी. माझ्या सख्ख्या बहिणीशी भांडले, ती पुन्हा आली नाही इथे. आणि ही दोन वर्षं. रोज सकाळी डोळे उघडते तर समोर ही भिंत. मनात म्हणायची, ह्यांनी काहीतरी विचार करून बांधलीये, आपण सोसायला काय हरकत आहे. त्याच्यावर काढली मी दोन वर्षं.”

“मला ठाऊक आहे.”

“काही ठाऊक नाही तुम्हाला!”

ती इतक्या मोठ्याने ओरडली की तिला धाप लागली. तो पाणी घेऊन आला. ती प्यायली नाही, पण पेला तिने हातात धरला. तो पलंगाशी उभाच होता.

“तिथे सांगितलंत हे?” तिने विचारलं.

“सांगितलं. समितीपुढे, सगळ्यांसमोर.”

“मग?”

“विश्वास नाही ठेवला. लेकीसाठी बोलतोय म्हणाले. पाटी लावणार आहेत, माझ्या नावाची. पुढच्या महिन्यात.”

“आणि लेक?”

“तिलाही खोटंच वाटलं.”

बायकोने पाण्याचा एक घोट घेतला. पेला त्याच्या हातात परत दिला. भिंतीकडे बघितलं, खालपासून वर, खिडकीच्या कडेपर्यंत, जणू कुणी दाखवायला आणलेलं काही बघत असावी. मग तिने डोळे मिटले.

“मग मीही नाही ऐकलं,” ती म्हणाली.

“अगं—”

“नाही ऐकलं म्हणते ना मी. पुन्हा या घरात बोलायचं नाही.” तिचा आवाज आता अगदी शांत होता, रोजचा. “पाटीच्या दिवशी तो निळा सदरा घाला. आणि इस्त्री करून घाला, चुरगळलेला नको.”